मागणारा काय मागतो? वादळानंतरच्या हाकेविषयी

गेल्या वेळी आपण कांटपाशी थांबलो होतो. गरजवंताला मदत करणं हे कर्तव्य आहे, पण ते ‘अपूर्ण’ कर्तव्य आहे, असं तो म्हणतो. म्हणजे काय, तर मदत केली पाहिजे हे नक्की. पण कोणाला, किती, कधी, हे देणाऱ्यानं ठरवायचं. त्यावर आपल्यापैकी काही जणांनी विचारलं की मग मागणाऱ्याच्या हातात काय उरतं? प्रश्न मला फार आवडला. आजचं व्याख्यान त्याच प्रश्नावर आहे.

बघा, दानाविषयी आपल्याकडे आणि पाश्चात्त्यांकडेही विचार पुष्कळ झाला. पण तो जवळजवळ सगळा देणाऱ्याला उद्देशून आहे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला निरोप देताना दान कोणत्या वृत्तीनं द्यावं ते सांगतात. १९७२ साली पीटर सिंगरनं पूर्व बंगालच्या निर्वासितांचं संकट समोर ठेवून एक गाजलेला निबंध लिहिला. तळ्यात बुडणाऱ्या मुलाचं त्याचं उदाहरण आपण पूर्वी पाहिलं आहे. त्यात मूल बुडतंय, काठावरचा माणूस विचार करतोय. मूल काही बोलत नाही! सगळं नीतिशास्त्र काठावर उभं आहे. आज आपण पाण्यातून बघू.

त्यासाठी एक खरी घटना घेतो. प्वेर्तो रिको. कॅरिबियन समुद्रातलं बेट, लोकसंख्या तेव्हा तेहतीस लाखांच्या आसपास. १८९८ साली स्पेनकडून अमेरिकेनं घेतलं. १९१७ पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण बेटावर राहून त्यांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत देता येत नाही आणि अमेरिकी संसदेतल्या त्यांच्या एकमेव प्रतिनिधीला सभागृहात विधेयकावर मतदानाचा अधिकार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. जाता जाता सांगतो, ‘हरिकेन’ हा शब्दच या बेटांवरच्या मूळ ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमध्ये आणि तिथून इंग्रजीत गेला. आपण ज्याला चक्रीवादळ म्हणतो तेच ते. अटलांटिकमध्ये नाव वेगळं, एवढंच.

२० सप्टेंबर २०१७ च्या पहाटे ‘मारिया’ हे वादळ याबुकोआ गावाजवळ किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी २५० किलोमीटर. दोनच आठवड्यांपूर्वी ‘इर्मा’ उत्तरेकडून घासून गेलं होतं, त्यामुळे विजेचं जाळं आधीच खिळखिळं झालं होतं. मारियानं ते पूर्ण पाडलं. पूर्ण म्हणजे अक्षरशः सगळ्या बेटाची वीज गेली. ती सगळीकडे परत यायला जवळजवळ अकरा महिने लागले. मोबाइलचे शंभरातले पंचाण्णव मनोरे बंद. वीज नाही म्हणून पाण्याचे पंप नाहीत. डोंगरातले रस्ते दरडींनी बंद.

आता माझा मुद्दा इथे सुरू होतो. मदत मागायची तर आधी मागता आलं पाहिजे! फोन नाही, रस्ता नाही, तर हाक कुठून मारणार? सान हुआनमधलं एक रेडिओ केंद्र वादळातही सुरू राहिलं. लोक चालत तिथे जाऊन निरोप देऊ लागले: अमुक गावातल्या तमुक आजी सुखरूप आहेत, अमक्यांना औषध हवंय. बेटावर जेवढे प्वेर्तोरिकन राहतात त्याहून जास्त अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहतात. ते रात्र रात्र समाजमाध्यमांवर आपापल्या गावाचं नाव टाकून विचारत होते, कोणी तिकडे गेलंय का, कोणी पाहिलंय का. म्हणजे संकटातल्या माणसाच्या वतीनं दूरचा माणूस हाक मारत होता. परदेशी राहणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि पुंता सांतियागो या किनाऱ्यावरच्या वस्तीत लोकांनी काय केलं? चौकात रस्त्यावरच रंगानं मोठमोठी अक्षरं काढली. एस. ओ. एस. आणि खाली स्पॅनिशमध्ये: आम्हाला पाणी, अन्न हवं आहे. आकाशातून काढलेलं ते छायाचित्र जगभर छापलं गेलं. मी ते बराच वेळ बघत बसलो होतो. त्यात दया येण्यासारखं काही नाही. रडणारं मूल नाही, पसरलेला हात नाही. दोन वस्तूंची नावं आहेत, आणि ‘मला’ नाही, ‘आम्हाला’ आहे. ही वाक्यं माणसानं माणसाला लिहिलेलीही नाहीत, वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला लिहिली आहेत, कारण खालून कोणी येत नव्हतं.

मराठीत मागण्याला किती शब्द आहेत बघा. भीक, याचना, विनंती, आर्जव, मागणी, आवाहन, हाक, गाऱ्हाणं. हे समानार्थी नाहीत. भिकेत देणाऱ्याची मर्जी असते. मागणीत हक्क असतो. हाकेत ओळख असते, आपण ज्याला नावानं ओळखतो त्याला हाक मारतो. आणि गाऱ्हाणं तर विलक्षण आहे. कोकणात ग्रामदेवतेपुढे एक जण गाऱ्हाणं घालतो आणि बाकीचे ‘व्हय महाराजा’ म्हणत त्याला दुजोरा देतात. म्हणजे मागणारा एकटा नाही, अख्खा गाव मागतोय. आणि ज्याच्याकडे मागायचं त्याची ती जबाबदारीच आहे असं गृहीत धरून मागतोय. देवाशीही लोक असं हक्कानं बोलतात. पुंता सांतियागोच्या चौकातली अक्षरं मला या जातीची वाटतात. ते गाऱ्हाणं होतं.

पण ऐकणाऱ्यानं ते काय म्हणून ऐकलं? २९ सप्टेंबरला सान हुआनच्या महापौर कार्मेन युलीन क्रूझ यांनी पत्रकारांसमोर, आम्ही इथे मरतो आहोत, मदत पाठवा, असा आक्रोश केला. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी उत्तर दिलं, त्याचा आशय असा की या लोकांना सगळं दुसऱ्यानं करून हवंय, खरं तर हे समाजानं मिळून करायचं काम आहे. तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी इथे थांबावं. महापौरबाईंनी नागरिक म्हणून केलेली मागणी राष्ट्राध्यक्षांनी भीक म्हणून ऐकली. एकदा ती भीक ठरली की मग ‘स्वतः का नाही करत?’ हा प्रश्न विचारता येतो. नागरिकाला तो विचारता येत नाही. आग लागल्यावर अग्निशामक दलाला फोन करणाऱ्याला आपण आळशी म्हणत नाही.

शिवाय गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की समाज मिळून काम करतच होता. उतुआदो भागात नदीनं पूल वाहून नेला आणि पलीकडची वस्ती तुटली. लोकांनी नदीवर दोर ताणला, त्याला कप्पी लावून बाजारातली सामानाची चाकांची गाडी टांगली आणि तिच्यातून पाणी, अन्न पलीकडे न्यायला सुरुवात केली. वस्तीला त्यांनी स्वतःच नाव दिलं, ‘विसरलेल्यांची छावणी’. आता बघा, या नावात दोन गोष्टी एकदम आहेत. आम्ही आमचं करतो आहोत, आणि तुम्ही आम्हाला विसरलात. एक दुसरीला खोडत नाही. स्वावलंबन आणि तक्रार एकाच तोंडात असू शकतात, हे आपल्या राजकीय भाषेला अजून नीट कळलेलं नाही.

कागुआस शहरात काही कार्यकर्त्यांनी सामुदायिक स्वयंपाकघर सुरू केलं. त्यांनी या प्रकाराला नाव दिलं ‘परस्पर साहाय्य केंद्र’, आणि तशी केंद्रं मग बेटावर इतरत्रही निघाली. पद्धत अशी, की जेवायला या. पैसे असतील तर द्या, नसतील तर भाजी आणा, तेही नसेल तर भांडी घासायला, वाढायला थांबा. मला यातलं तत्त्व महत्त्वाचं वाटतं. इथे मागणारा आणि देणारा या दोन जाती राहत नाहीत. सकाळी जो ताट घेऊन आला तो दुपारी डाव घेऊन उभा असतो. आदजुंतास गावातली कासा प्वेब्लो ही १९८० पासूनची जुनी संस्था. तिची इमारत सौरऊर्जेवर चालत होती, म्हणून सगळं बेट अंधारात असताना तिथे दिवा होता. लोक तिथे श्वसनाची यंत्रं चालवायला आणि फोन चार्ज करायला येत, आणि संस्थेनं हजारो सौरदिवे वाटले. त्यांचं आवाहन नेमकं होतं, दिवे पाठवा. नुसतं ‘मदत करा’ नव्हे.

हा नेमकेपणा हा माझ्या मते हाकेचा सगळ्यात दुर्लक्षित गुण. आपत्तीत काय हवंय हे ज्ञान मागणाऱ्याकडे असतं, देणाऱ्याकडे नसतं. देणाऱ्याकडे वस्तू असतात. सान हुआनच्या बंदरात मदतीचे आणि मालाचे हजारो कंटेनर येऊन पडले होते. ते न्यायला चालक नव्हते, डिझेल नव्हतं, चालकांना बोलावायला फोन नव्हते. वर्षभरानं, सप्टेंबर २०१८ मध्ये, सेइबा इथल्या जुन्या धावपट्टीवर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांचे ढीगच्या ढीग उन्हात पडलेले दिसले. जानेवारी २०२० मध्ये भूकंप झाला आणि पोन्से शहरात लोकांना एक गोदाम सापडलं, मारियाच्या वेळचं पाणी, लहान मुलांचं अन्न, पलंग असं सामान भरलेलं. लोकांनी दार फोडून ते बाहेर काढलं आणि वाटलं. दया कमी पडली असं नाही म्हणता येणार. दया बाटल्यांच्या रूपानं धावपट्टीपर्यंत येऊन थांबली होती. ज्यांना तहान होती त्यांना ती कुठे आहे हे विचारायची जागाच नव्हती.

आपल्यापैकी एकांनी लिहून विचारलंय, मग आपण पैसे द्यावेत की वस्तू? साधं उत्तर आहे: तिथे जे शिजवतायत त्यांना विचारा. होसे आंद्रेस या प्रसिद्ध आचाऱ्याच्या वर्ल्ड सेंट्रल किचननं त्या काळात तिथे तीस लाखांहून जास्त जेवणं दिली, आणि ती बेटावरचीच स्वयंपाकघरं, बेटावरचेच आचारी घेऊन. सिंगर म्हणेल पैसे द्या, हिशेबानं द्या. माझं त्याच्याशी फार वैर नाही. पण हिशेब कोण मांडतो हा प्रश्न तो पुरेसा विचारत नाही.

आता जड भाग. मृतांचा सरकारी आकडा कितीतरी महिने ६४ होता. मे २०१८ च्या अखेरीस हार्वर्डच्या संशोधकांनी घराघरांच्या पाहणीवरून अंदाज मांडला, ४,६४५ जास्तीचे मृत्यू. अर्थात त्या अंदाजाची मर्यादा फार रुंद होती. ऑगस्टमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर सरकारनं २,९७५ हा आकडा स्वीकारला. ही माणसं बहुतेक वाऱ्यानं मेली नाहीत. हार्वर्डच्या पाहणीत सुमारे एक तृतीयांश मृत्यू उपचार मिळायला उशीर झाल्यानं किंवा ते खंडित झाल्यानं झालेले होते. वीज गेली आणि यंत्र थांबलं, रस्ता नव्हता आणि डायलिसिस चुकलं. ज्यांची हाक पोचली नाही त्यांची ही यादी आहे असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

१ जून २०१८ पासून लोकांनी सान हुआनच्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर चपलाबूट आणून ठेवायला सुरुवात केली. शेकडो जोड. म्हाताऱ्यांच्या सपाता, लहानग्यांचे बूट. काहींवर चिठ्ठीत नाव. ही सुद्धा हाकच होती. पाणी-अन्नाची वेळ निघून गेली होती, आता मागणी होती ती मोजण्याची. आमचा माणूस ६४ मध्ये नाही, त्याला धरा. मेलेल्यासाठी काय मागायचं, तर तो या वादळात मेला हे मान्य करा, एवढंच. उपयुक्ततावादी विचारात या मागणीला जागा शोधणं कठीण आहे, कारण त्यातून कोणाचं पोट भरत नाही. तरी ती मागणी पाण्याइतकीच निकडीची होती, असं माझं मत आहे.

म्हणून कांटकडे परत येतो. अपूर्ण कर्तव्याची अडचण ओनोरा ओनील यांनी नेमकी दाखवली आहे: जोवर एखादी संस्था ते कर्तव्य नेमून घेत नाही तोवर ते सगळ्यांचं असतं आणि म्हणून मागणाऱ्याला कोणा एकाकडे बोट दाखवता येत नाही. प्वेर्तो रिकोत अशी संस्था होती, ‘फेमा’ ही अमेरिकी सरकारची आपत्ती-यंत्रणा. घर दुरुस्तीला ती पैसे देते. पण तिनं विचारलं, घर तुमचंच हे दाखवणारा कागद कुठाय? तिथे कितीतरी घरं आजोबांच्या जमिनीवर, वाटण्या तोंडी, नोंदणी नाही अशी. आपल्या गावाकडच्या सातबाऱ्यावर अजून पणजोबांचं नाव असतं तसंच काहीसं. गंमत म्हणजे तिथल्या कायद्यात मालकीसाठी नोंदणी सक्तीची नव्हतीच. तरी हजारो अर्ज फेटाळले गेले. म्हणजे हाक ऐकू आली, पत्ता बरोबर होता, पण हाक मारणारा तोच कशावरून?

मग तिथल्या वकिलांच्या गटांनी लोकांना बसवून अपिलं लिहायला शिकवलं, एका साध्या शपथपत्राचा नमुना तयार करून तो फेमाकडून २०१८ मध्ये मान्य करून घेतला. मी या घरात राहतो, हे घर माझं आहे, अशी स्वतःच्या सहीची घोषणा. फेमानं आपला नियम देशभरासाठी बदलला तो सप्टेंबर २०२१ मध्ये, मारियानंतर चार वर्षांनी. तोवर बेटावरच्या हजारो छपरांवर निळी ताडपत्रीच होती.

आजच्यापुरतं इथेच थांबू. पुढच्या वेळी सिंगरवरचे आक्षेप घेणार आहे. ज्यांना जमेल त्यांनी त्याचा १९७२ चा निबंध वाचून या. नमस्कार.