प्रोपेलरच्या पुढे बसलेला माणूस

बी.ई.९ या विमानाचं छायाचित्र पाहिलं की आधी हसू येतं. नाकाशी प्रोपेलर, त्या फिरत्या पात्यांच्याही पुढे प्लायवूडची एक पेटी आणि पेटीत लुईस मशीनगन घेऊन बसायची जागा! 'पल्पिट', म्हणजे चर्चमधला प्रवचनाचा ओटा, हे त्याचं टोपणनाव. हे विमान फसलं यात वाद नाही. पण ते बांधून पाहणं हा मूर्खपणा होता, हे मात्र मला पटत नाही.

१९१५ साली प्रश्न खराच अवघड होता. विमान ज्या दिशेनं उडतं त्याच दिशेनं गोळी झाडता आली, तर नेम धरणं सोपं. पण समोर प्रोपेलर असल्यावर गोळी जाणार कुठून? एक उत्तर होतं इंजिन मागे बसवण्याचं. व्हिकर्सची 'गनबस' तशीच होती. पण मग प्रोपेलरला जागा देण्यासाठी शेपटी उघड्या दांड्यांवर पेलावी लागे, त्या हवा अडवत आणि वेग मार खाई. म्हणून फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट फॅक्टरीनं हाताशी असलेलं बी.ई.२सी घेतलं, त्याचं इंजिन मागे सरकवलं आणि बंदूकधाऱ्याला पुढे नेलं. ऑगस्ट १९१५ मध्ये ते उडालं आणि लवकरच चाचणीसाठी फ्रान्समधल्या आघाडीवर गेलं.

कुणी म्हणेल, प्रोपेलरच्या पात्यांमधून नेमक्या क्षणी गोळी सोडणारी यंत्रणा तेव्हा ठाऊक होतीच की. कल्पना ठाऊक होती, हे खरं. जर्मनीत फ्रान्झ श्नायडर आणि फ्रान्समध्ये रेमाँ सोल्निए यांनी ती युद्धाआधीच मांडली होती. पण काडतूस क्षणभर उशिरा पेटलं तरी पातं फुटायचं, त्यामुळे सोल्निएचे प्रयोग अडले. फोकरच्या विमानानं ती यंत्रणा लढाईत वापरून दाखवली ती १९१५ च्या उन्हाळ्यात. ब्रिटिशांच्या विमानांवर ती आली १९१६ साली. तोवर दुसऱ्या वाटा चाचपणं भागच होतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. विमान नाकावर आदळलं तर पेटीतल्या माणसावर इंजिन येऊन पडणार, हे कागदावरही दिसत होतं. हा दोष मान्य करायलाच हवा. वैमानिक आणि बंदूकधारी यांच्यामध्ये इंजिन आणि प्रोपेलर. एकमेकांशी बोलण्याची सोयच नाही. आघाडीवरून प्रतिकूल मत आलं आणि १९१६ च्या सुरुवातीला विमान परत गेलं. फार्नबरोनं असं विमान बांधलं होतं एकच, आणि शहाणपण त्यातच होतं. फ्रान्समध्ये लुई बेशरोनं याच कल्पनेवर स्पॅड ए.२ रचलं, तिथे मात्र उत्तर मिळण्याआधीच जवळजवळ शंभर विमानं बांधली गेली आणि त्यांतली बरीच रशियाच्या गळ्यात पडली.

म्हणून प्रायोगिक विमानाचा हिशेब यशावर मांडू नये; उत्तर केवढ्या किमतीत मिळालं, ते पाहावं. आणि फसलेल्यातलं काय उचललं, तेही. १९१६ मध्ये बेशरोचं स्पॅड ७ आलं. त्यात ए.२ ची पेटी नव्हती, बंदूक पात्यांमधून गोळ्या झाडत होती. पंखांच्या बांधणीची तऱ्हा मात्र ए.२ चीच होती.