‘पेशी सापडल्या’ म्हणजे कॅन्सर नव्हे

पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडतो, ‘एंडोसर्व्हायकल सेल्स प्रेझेंट’ ही ओळ दिसते आणि बाईच्या काळजात धस्स होतं. पेशी सापडल्या म्हणजे कॅन्सरच, हे घराघरांत इतकं पक्कं बसलंय की डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत दोन रात्रींची झोप उडालेली असते. हे किती वेळा सांगायचं? ती ओळ आजाराची नाहीच. नमुना योग्य जागेवरून आला, एवढीच ती नोंद.

गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या भागावर चपट्या पेशींचे अनेक थर असतात, तर आतल्या नळीला उंच, चिकट स्राव करणाऱ्या पेशींचं एकेरी अस्तर असतं. ही दोन अस्तरं जिथे मिळतात, त्याच पट्ट्यात कॅन्सरपूर्वीचे बहुतेक बदल सुरू होतात. ब्रश तिथवर पोचल्याची खूण म्हणजे या आतल्या, म्हणजेच एंडोसर्व्हायकल, पेशी.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या ओळखायला देखण्या. वरून पाहिलं तर मधमाशांचं पोळं: सारख्या अंतरावरची घरं, प्रत्येकात एक गोल केंद्रक. कडेवर उभ्या असल्या तर कुंपणाच्या फळ्यांसारखी रांग, केंद्रकं सगळी तळाशी. सूज असेल तर केंद्रकं थोडी फुगतात, आतला ठिपका ठळक होतो. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पण पोळ्याची वीण विस्कटली, गडद, लांबट केंद्रकं एकमेकांवर चढली, झुबक्याच्या कडेला पिसं फुटल्यासारखी दिसू लागली, की पॅथॉलॉजिस्ट सावध होतो. तेव्हा रिपोर्टात ‘एटिपिकल’ किंवा त्याहून स्पष्ट शब्द येतो. नुसत्या ‘प्रेझेंट’चा त्याच्याशी काही संबंध नाही.

आता उलटी भीती: या पेशी नसल्या तर स्मिअर वाया गेला? नाही. स्मिअरचा रिपोर्ट लिहिण्याच्या २००१ च्या बेथेस्डा पद्धतीनुसार आतल्या नळीच्या किंवा बदलत्या अस्तराच्या किमान १० सुस्थितीतल्या पेशी दिसल्या तर तशी नोंद होते. न दिसल्या म्हणून स्मिअर बाद होत नाही. पाळी गेल्यावर तो पट्टा नळीत वर सरकतो, त्यामुळे त्या वयात ‘अॅबसेंट’ सहज येतं. पुढे काय करायचं हे वय आणि एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी पाहून डॉक्टर ठरवतात.

एक रिपोर्ट निगेटिव्ह आला की जन्माची सुटका, हेही खोटं. एचपीव्हीची लस घेतली तरी तपासणी सुटत नाही. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार, बहुतेक स्त्रियांसाठी वयाच्या तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी.