कुस्तीगीर विरुद्ध स्ट्रायकर (मिश्र मार्शल आर्ट्स)

कुस्तीगीर विरुद्ध स्ट्रायकर हा मिश्र मार्शल आर्ट्स (एमएमए) या क्रीडाप्रकारातील लढतीचा एक मूलभूत प्रकार होय. यात प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणून जखडू पाहणारा मल्ल आणि ठोसे, लाथा, गुडघे व कोपर यांनी उभ्याने प्रहार करणारा खेळाडू समोरासमोर येतात. अशा लढतीवरील पैजेचे भाव समजून घेताना दोघांत श्रेष्ठ कोण, यापेक्षा लढत उभ्याने होईल की जमिनीवर, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

नियमांचा परिणाम

सामान्य लढत प्रत्येकी ५ मिनिटांच्या ३ फेऱ्यांची, तर विजेतेपदाची लढत ५ फेऱ्यांची असते. प्रत्येक फेरी उभ्याने सुरू होत असल्याने कुस्तीगिराला पकड दर फेरीत नव्याने मिळवावी लागते. जमिनीवर लढत थंडावल्यास पंच दोघांना पुन्हा उभे करू शकतो. परीक्षक प्रथम प्रहार व पकड यांची परिणामकारकता पाहतात. त्यामुळे केवळ पट काढून दाबून ठेवल्याने फेरी जिंकता येतेच असे नाही. यूएफसीचे मोठे अष्टकोनी रिंगण ३० फूट, तर लहान रिंगण २५ फूट रुंद असते. लहान रिंगणात स्ट्रायकर लवकर जाळीला टेकतो व पकडीत सापडतो.

आकडेवारीचे वाचन

पट रोखण्याचे प्रमाण हा स्ट्रायकरविषयीचा नेहमीचा निर्देशांक आहे. मात्र ज्याने बहुतेक लढती स्ट्रायकरांशीच केल्या आहेत, त्याचे उच्च प्रमाण फसवे असू शकते. खाली पडल्यावर तो किती लवकर उठतो आणि शेवटच्या फेऱ्यांत कुस्तीगिराचा दम टिकतो का, हेही पाहावे लागते.

उदाहरणे

६ ऑक्टोबर २०१८ रोजी लास व्हेगास येथे हबीब नुर्मागोमेदोवने कॉनर मॅकग्रेगरला पहिल्याच फेरीत खाली आणले आणि चौथ्या फेरीत मान आवळून शरण आणले. याउलट, ६ जुलै २०१९ रोजी त्याच शहरात तोवर अपराजित असलेला ऑलिंपिक कुस्तीगीर बेन ॲस्क्रेन पट काढण्यासाठी वाकताच होर्हे मास्विदालने धावत येऊन उडी मारली व गुडघ्याच्या प्रहाराने त्याला ५ सेकंदांत बेशुद्ध केले. पकडीसाठी अंतर कमी करण्याचा क्षण हाच कुस्तीगिराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा असतो, हे यातून दिसते.

भाव आणि संभाव्यता

१ या संख्येला दशांश भावाने भागले असता भावात गृहीत धरलेली संभाव्यता मिळते. समजा, कुस्तीगिराचा भाव १.६० व स्ट्रायकरचा २.४० आहे, तर संभाव्यता अनुक्रमे ६२.५ टक्के व सुमारे ४१.७ टक्के येतात. त्यांची बेरीज १०४.२ होते. १०० वरील हा भाग पैज स्वीकारणाऱ्याचा नफा होय. म्हणून केवळ विजेता ओळखणे पुरेसे नसते. स्वतःचा अंदाज भावातील संभाव्यतेपेक्षा जास्त व अचूक असेल, तरच पैज गणिताने फायद्याची ठरते. बहुसंख्यांच्या बाबतीत तसे होत नाही आणि दीर्घकाळात त्यांचे नुकसानच होते. भारतात २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे.