गोधडी आणि ९३ नंबरचा रकाना

रायगड बघायला आलेला माणूस हिरकणीवाडीत उतरला की आधी मान वर करतो. समोर कडा असतो आणि त्याच्या अंगानं वर गेलेली रोपवेची दोरी. १९९६ पासून ही दोरी माणसाला काही मिनिटांत गडावर पोचवते, त्यामुळे वाडीत रेंगाळायचं कारण उरलेलं नाही. पण माघाच्या अखेरीस, शिमगा तोंडावर आला की, बघण्यासारखं एक काम खाली वाडीतच चाललेलं असतं. भाताची झोडणी कधीच उरकलेली असते, नाचणी-वरी घरात आलेली असते, ऊन अजून पोळत नसतं. शिमग्याला चाकरमानी येणार, लेक नातवाला घेऊन येणार, म्हणून पडवीत जुनी लुगडी पसरली जातात आणि गोधडी शिवायला घेतात. सणाला घरच्यांना हातानं केलेलं काही द्यायचं, तर महाड-पोलादपूरच्या डोंगरात ते लोकरीचं नसतं. इथली थंडी थोड्या दिवसांची. खरा गारठा पावसाळ्यातला. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, भिंतींना ओल चढते, आणि त्या ओलीत अंगाखाली घालायला आणि अंगावर ओढायला गोधडीच लागते. या गोधडीबद्दल हळवं होऊन पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि त्या हळवेपणातच एक गोष्ट निसटते असं मला वाटतं. गोधडी हे काम आहे. कसबाचं, कष्टाचं, तासांत मोजता येणारं काम. आपण ते मायेच्या खात्यावर टाकतो आणि मोजायचं टाळतो.

साठी केव्हाच ओलांडलेल्या एका आजींच्या हातांकडे पाहिलं की यात शंका राहत नाही. तयारी सांगायला सोपी आहे: लुगडी धुवायची, विरलेलं फाडून काढायचं, सारवलेल्या जमिनीवर एक अख्खं लुगडं ताणून कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, आत थर लावायचे, वरून दुसरं अख्खं लुगडं घालून कडा टाचून घ्यायच्या. मोठ्या गोधडीला पाच लुगडी जातात. मग धावदोरा सुरू होतो तो कडेपासून, आणि चौकटीच्या आत चौकट घेत मध्याकडे सरकतो. शिवणारी बाई शिवून झालेल्या भागावर बसत पुढं जाते, म्हणजे तिच्याच वजनानं कापड ताणलेलं राहतं. उजवा हात सुई चालवतो, तो सगळ्यांना दिसतो. डावा हात गोधडीखाली असतो. सुई सगळ्या थरांतून खाली आली की नाही हे त्या हाताची तर्जनी सांगते. टोक बोटाला लागलं की बोटच ते परत वर लोटतं. एका टाक्याला एकदा, असं दिवसभर. त्या बोटाच्या टोकाचं कातडं घट्ट झालं आहे आणि त्यावर सुईचे बारीक काळे ठिपके कायमचे बसले आहेत. मध्येच सुई थांबते. तळवा कापडावरून सपाट फिरतो. आतला थर सरकून चुणी पडली असेल तर ती डोळ्यांना दिसायच्या आधी तळव्याला कळते, आणि मग घातलेले टाके उसवून परत घातले जातात. घरात कोणी म्हटलं, राहू दे की एवढीशी चुणी, तर उत्तर ठरलेलं: ‘‘पोराच्या पाठीला लागंल.’’ पेटीतून काढलेल्या लुगड्यांना डांबरगोळीचा आणि चुलीच्या धुराचा मिळून एक वास असतो, तो पडवीभर पसरलेला असतो. पण लक्ष पुन्हा पुन्हा जातं ते त्या न दिसणाऱ्या डाव्या हाताकडे.

आजींच्या बोलण्यात एक आकडा वारंवार येतो: पाचशे. गड उतरून आलेल्या कोणा पाहुण्यानं दांडीवर वाळत घातलेली गोधडी पाहून विचारलं होतं, पाचशेला देता का? त्यांनी दिली नाही. ती लेकीची होती. पण आकडा मनात राहिला. ‘‘पाचशे म्हणाला,’’ त्या सांगतात, आणि थोड्या वेळानं परत सांगतात, कारण हा आकडा फार की थोडा हे ठरवायला त्यांच्याजवळ दुसरा आकडाच नाही. तो आपण काढू शकतो. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मोठी गोधडी महिनाभर दुपारची चालते. दुपारचे दोनच तास धरले तरी साठ तास झाले, म्हणजे आठ तासांचे साडेसात दिवस. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ सालात दिवसाला ३१२ रुपये होती. त्या हिशेबानं नुसत्या मजुरीचे २,३४० रुपये होतात, आणि तेही अकुशल मजुरीच्या दरानं. पाच लुगड्यांची, दोऱ्याची आणि त्या बोटाची किंमत यात धरलेलीच नाही. पाचशे रुपये म्हणजे दोन दिवसांची मजुरीसुद्धा नाही. पाहुण्याचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यानं जी किंमत सांगितली ती आपण सगळेच मनात धरून असतो.

सरकारी कागदावर तर तेवढीही नाही. याच घरातली सून सकाळी ताक-सरबताचं सामान घेऊन गडावर जाते, पर्यटकांना विकते, संध्याकाळी उतरते. श्रमबळाच्या सरकारी पाहणीत ती स्वतःचा धंदा करणारी म्हणून नोंदली जाते, आणि ते योग्यच आहे. सासूची नोंद कुठं होते? या पाहणीत माणसाच्या कामाला क्रमांक दिलेले असतात. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून शिवाय घरच्या वापरासाठी लाकूडफाटा, भाजीपाला, गुरांचा चारा फुकट गोळा करणारी, किंवा शिवणटिपण, विणकाम करणारी. गोधडी या ९३ मध्ये बसते, आणि ९२ काय, ९३ काय, दोन्ही क्रमांकांच्या बायका श्रमबळाच्या बाहेर. म्हणजे ही बाई शिवते हे सरकारला माहीत आहे, तिच्यासाठी रकानाही केलेला आहे. फक्त त्या रकान्याला काम म्हणायचं नाही असं ठरलेलं आहे. जगाची रीत याहून वेगळी आहे. संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय लेखापद्धतीत घरी शिजवलेला भात उत्पादनात येत नाही, पण घरच्या वापरासाठी तयार केलेली वस्तू येते, कापड आणि कपडेही येतात. तत्त्व मानलं तर आजींची गोधडी देशाच्या उत्पादनाचा भाग आहे. २०२४ च्या वेळवापर पाहणीत बिनमोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावरचा दिवसाचा सरासरी वेळ २८९ मिनिटं निघाला, पुरुषांचा ८८. घरासाठी वस्तू तयार करण्याचा वेळ त्या पाहणीत निराळा धरतात. म्हणजे गोधडीचे दुपारचे दोन तास त्या २८९ मिनिटांच्या वरचे.

यावर पहिला आक्षेप मनापासूनचा असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. आईनं लेकीसाठी, आजीनं नातवासाठी केलेल्या गोष्टीचा पैशांत हिशेब मांडणं म्हणजे ती गोष्ट हलकी करणं, असं पुष्कळांना वाटतं. पण मोजणं आणि बिल लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेतकरी घरी खायला ठेवलेल्या भाताची खंडी मोजतो, म्हणून तो पोराबाळांना तो भात विकत नाही. मायेनं केलेलं काम हे काम नसतं, ही समजूत फार जुनी आहे आणि तिचं ठिकाण याच वाडीच्या डोक्यावर आहे. हिरकणीची गोष्ट मराठी माणसाला पाठ असते: गडाचे दरवाजे बंद झाले, खाली तान्हं मूल एकटं होतं, आई अंधारात कडा उतरून गेली, महाराजांनी तिथं बुरूज बांधला. दंतकथा म्हणूनच ती घ्यायची. पण त्या कथेतली हिरकणी गडावर कशाला गेली होती? दूध विकायला. कड्याखालच्या वाडीतून रोज चढून जाणारी, स्वतःचं दूध स्वतः विकणारी ती कष्टकरी बाई होती. आपण तिचं उतरणं लक्षात ठेवलं आणि चढणं विसरलो. आज तिच्या नावाच्या वाडीतली सून ताक घेऊन वर जाते आणि सासू खाली नातवाची गोधडी शिवते. दोघींचे हात घरासाठीच राबतात. माया दोघींनाही आहे. एकीच्या मायेला काम म्हणायचं आणि दुसरीच्या कामाला नुसती माया, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. महाडच्या बाजारात पानिपतहून आलेली मऊ ब्लँकेटं मिळतात. हलकी, रंगीत, स्वस्त. गोधडी जड, भिजली की दोघींनी धरून पिळावी लागते, धुणारीची कंबर मोडते, पावसाळ्यात वाळत नाही. हे सगळं खरं आहे आणि गोधडीचं कौतुक करणाऱ्यांनी ते दडवू नये, कारण धुणं बहुधा त्यांच्या वाट्याला आलेलं नसतं. सुती लुगडी कमी झाली, नायलॉनच्या साड्यांची गोधडी घाम शोषत नाही आणि शिवताना हातातून निसटते, हेही खरं. पण या आक्षेपातून काम निरुपयोगी आहे हे सिद्ध होत नाही. तान्ह्याच्या अंगाखाली घालायला अनेकदा धुतलेल्या जुन्या सुती कापडाइतकं मऊ काही नाही, म्हणूनच बाळंतविड्यात झबली-कुंचीबरोबर जुन्या लुगड्यांची दुपटी आवर्जून असतात. उपनगरातल्या एका खोलीत राहणारी लेक माहेराहून परतताना ब्लँकेट नेत नाही, ते तिला तिथंही मिळतं. गोधडी मात्र जड असली तरी नेते. आणि समजा उद्या एकाही घराला गोधडी नको झाली, तर शिवणारीनं सुई ठेवावी. कामाची वस्तू कालबाह्य होऊ शकते. त्यासाठी केलेले तास झालेच नाहीत असं त्यातून ठरत नाही.

तिसरा आक्षेप घेणारे बायकांच्या बाजूचे असतात. ते म्हणतात, मग विकू देत त्यांना, बचत गट करा, प्रदर्शनात मांडा. २०११ पासून ‘उमेद’ अभियानातून गावोगावी गट उभे राहिले आहेत, मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’ भरतं, तिथं हातशिवणीच्या मालाला गिऱ्हाईक असतं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायकांच्या गोधड्या, तिकडं त्यांना कवंदी म्हणतात, आज दूरदूर विकल्या जातात. ज्यांना जमेल त्यांनी जरूर करावं, फक्त पाचशेला नको. पण बाजारात गेल्याशिवाय कामाला काम म्हणायचंच नाही, ही अट मला मान्य नाही. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात गीज बेंड नावाची कृष्णवर्णीय शेतमजुरांची वस्ती आहे. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या शेतातले झिजलेले कपडे जोडून घरासाठी गोधड्या शिवत होत्या. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयात भिंतीवर लागल्या, २००६ साली त्यांची टपाल तिकिटं निघाली. भिंतीवर लागण्याच्या आदल्या दिवशी त्या गोधड्यांत टाका कमी नव्हता. हिरकणीवाडीतल्या बाईनं कोणी न्यूयॉर्कला नेईपर्यंत वाट बघायची का? तिनं शिवलेली गोधडी तिच्याच घरात, तिच्याच नातवाच्या अंगाखाली असताना तिची नोंद काम म्हणून झाली पाहिजे.

नोंद झाल्यानं काय फरक पडतो, असंही विचारतात. न्यायालयांना तो पडलेला दिसला आहे. जुलै २०१० मध्ये अरुणकुमार अगरवाल खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं जनगणनेला दोष दिला होता, की ती घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या बरोबरीनं अनुत्पादक गटात घालते. जानेवारी २०२१ मध्ये याच न्यायालयानं घर सांभाळणाऱ्या बाईच्या श्रमाचं मानीव उत्पन्न धरून भरपाई देणं योग्य असल्याचं पुन्हा सांगितलं. हे दोन्ही खटले अपघाती मृत्यूच्या भरपाईचे होते. घरात राबणाऱ्या बाईच्या कामाची किंमत ठरवायला आपल्याकडे ती आधी मरावी लागते, असा याचा अर्थ होतो, आणि तो शरमेचा आहे.

जनगणनेची माणसं मोजण्याची फेरी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे, म्हणजे शिमग्याच्या आधी, बरोबर गोधड्यांच्या हंगामात. प्रगणक पडवीत येऊन विचारेल, या काय करतात? उत्तर बहुतेक घरांत पुरुष देतो, आणि ते असतं: काही नाही, घरीच असते. या वेळी ते देऊ नका. वर्षाला किती गोधड्या शिवते, किती दुपटी, परसात काय पिकवते, गुरांचं काय करते, हे सगळं सांगा, आणि शक्य तर तिलाच सांगू द्या. प्रगणकाच्या रकान्यात ते बसलं नाही तर तसं त्याला लिहायला सांगा.