काजळीचा दिवा

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर बाबांचा चेहरा पडलेला. डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा, त्यात भर म्हणून टचस्क्रीनही अडकलेला. गॅरेजवाला म्हणे, "फिल्टरच बदला." खर्च ऐकून बाबा गप्प. म्हटलं, आधी मॅन्युअल तर वाचू!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या डिझेल गाड्यांत डीपीएफ सर्रास दिसू लागला. ही सिरॅमिकची जाळी. तिच्या नळ्या एकाआड एक बुजवलेल्या; धूर सच्छिद्र भिंतीतून पार होतो, काजळी मागे राहते. जाळी भरत आली की दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक वाढतो. ते ओळखून ईसीयू जादा डिझेल सोडतो, तापमान सुमारे ६०० अंशांवर नेतो आणि काजळी जाळतो.

घोडं पेंड खातं ते इथेच! बाबांची फेरी बाजारापर्यंत, दोन किलोमीटर. तेवढ्यात इंजिन धड तापतही नाही. जाळणं सुरू झालंच, तर अर्ध्यात चावी बंद. शिवाय न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं ते वेगळंच.

मग मॅन्युअलप्रमाणे हायवेवर एका वेगात पंचवीस मिनिटं गाडी चालवली. दिवा गेला! स्क्रीनचा याच्याशी काडीचा संबंध नव्हता. पॉवर बटण दाबून धरलं, तो रीस्टार्ट झाला.

मात्र दिवा लुकलुकू लागला किंवा इंजिनचाही दिवा लागला, तर गॅरेज गाठाच. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही. ती साठतच जाते.

आता दर रविवारी बाबा आईला हायवेवर फिरवून आणतात. कारण विचारलं तर म्हणतात, "फिल्टरसाठी!"