फुकटच्या फोनचा पैसा कोण भरतो?



एक काळ असा होता की गावात फोन म्हटला म्हणजे तो पोस्टात नाहीतर कारखान्याच्या ऑफिसात. ट्रंक कॉल लावायचा आणि बाकावर बसून राहायचे. ज्याच्या घरी फोन तो मोठा माणूस, असा हिशेब होता. आज तो हिशेब पार उलटा झाला आहे. ई-पीक पाहणी मोबाईलवर, पी.एम. किसानची ई-केवायसी मोबाईलवर, बँकेत ऊसबिल जमा झाल्याचा निरोप मोबाईलवर. ज्याच्याकडे फोन नाही त्याचे काम अडते. फोन ही चैनीची वस्तू राहिली नसून सात-बाराइतकी गरजेची झाली आहे.

म्हणूनच गट ऑफिसात येणारी मंडळी अलीकडे आम्हाला एक प्रश्न वरचेवर विचारतात. "सायेब, गरिबांना सरकार फुकट फोन आन् टॅब देतंय म्हणं. अमेरिकेत तर कधीपासनं देत्यात. खरं हाय का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नाही. अमेरिकेत अशी योजना आहे, हे खरे. ती कशी चालते, पैसा कुठून येतो, कुठे गळती झाली आणि तिच्याच जोडीची दुसरी योजना का बंद पडली, हे आपण सहकारातल्या माणसांनी समजून घेण्यासारखे आहे. कारण हा सारा मामला शेवटी कपातीचा आणि वाटपाचा आहे, आणि ते गणित आपल्याला नवे नाही.

वाटणीतून जन्मलेली योजना

अमेरिकेत पूर्वी बहुतेक टेलिफोन एटी अँड टी या एकाच अवाढव्य कंपनीच्या हाती होते. लांब पल्ल्याच्या कॉलचा आकार चढा ठेवायचा आणि त्या पैशातून गावातल्या फोनचे भाडे कमी ठेवायचे, अशी एकंदर रीत होती. सरकारने कोर्टात लावलेल्या दाव्याच्या तडजोडीतून १ जानेवारी १९८४ रोजी या कंपनीची वाटणी झाली. वाटणी झाली की भाऊ भावाचा खर्च उचलत नाही, हे आपण घरोघरी पाहतो. तिथेही तेच भय निर्माण झाले. स्थानिक फोनचे भाडे वाढणार आणि गरिबांचे फोन कापले जाणार, असे दिसू लागले.

त्यावर उपाय म्हणून १९८५ साली, रोनाल्ड रेगन अध्यक्ष असताना, तिथल्या संघीय दळणवळण आयोगाने 'लाइफलाइन' नावाची सवलत सुरू केली. गरीब कुटुंबाच्या फोनबिलात दरमहा काही रक्कम कमी करायची, एवढेच तिचे स्वरूप होते. तेव्हा फोन म्हणजे तारेचा फोन. पुढे २००५ पासून मोबाईल कंपन्यांना तीत शिरण्याची वाट मोकळी झाली, २००८ पासून फुकट मोबाईल देणाऱ्या कंपन्या पुढे आल्या आणि २०१६ साली आयोगाने इंटरनेटही सवलतीत घेतले. बराक ओबामा यांच्या काळात हे मोबाईल गावोगाव दिसू लागले म्हणून लोकांनी त्याला 'ओबामा फोन' असे नाव ठेवले. प्रत्यक्षात योजना त्यांच्या आधी तेवीस-चोवीस वर्षांची होती. काम एकाने करावे आणि नाव दुसऱ्याचे व्हावे, हे राजकारणात सगळीकडे सारखेच!

कोणाला मिळते, किती मिळते

या सवलतीची रक्कम इंटरनेटसह सेवेसाठी महिना सव्वानऊ डॉलर इतकी ठरलेली आहे. आपल्या हिशेबाने आठशे रुपयांच्या आसपास. तिथल्या मूळ आदिवासी जमातींच्या जमिनीवर राहणाऱ्या पात्र कुटुंबांना ती महिना सव्वाचौतीस डॉलरपर्यंत मिळते. कुटुंबाचे उत्पन्न तिथल्या सरकारी दारिद्र्यरेषेच्या १३५ टक्क्यांच्या आत असले पाहिजे. किंवा घरातले कोणी गरिबांसाठीच्या ठराविक योजनांपैकी एकीत असले पाहिजे. पूर्वी ज्याला 'फूड स्टॅम्प' म्हणत ते अन्नसाहाय्य, 'मेडिकेड' ही आरोग्य योजना, सरकारी घरभाडे मदत, माजी सैनिकांचे निर्वाह वेतन अशा त्या योजना होत. आपल्याकडे जसे पिवळे रेशनकार्ड दाखवले की पुढचे दार उघडते, तसाच हा प्रकार.

एक नियम मात्र आपल्या लोकांना चटकन समजेल. सवलत एका कुटुंबाला एकच. आणि कुटुंब म्हणजे कोण? जे एकत्र राहतात आणि ज्यांचा मिळकत-खर्च एकत्र आहे ते. म्हणजे आपल्या भाषेत एक चूल, एक फोन. एकाच छपराखाली दोन चुली असतील तर तसे लेखी द्यावे लागते. दरवर्षी पात्रता पुन्हा तपासली जाते. फुकटची सेवा घेऊन सलग ३० दिवस फोन वापरलाच नाही, तर १५ दिवसांची नोटीस येते आणि सवलत बंद होते. नुसते नाव लावून ठेवायचे, हे चालत नाही.

आता हँडसेटची गोष्ट. इथेच लोकांची मोठी गफलत होते. लाइफलाइनचा पैसा हा महिन्याच्या सेवेसाठी आहे. हँडसेटसाठी सरकार त्यातून एक डॉलरही देत नाही. फोन देते ती कंपनी, आपले गिऱ्हाईक बांधून घेण्यासाठी. त्यामुळे तो बहुधा हलक्या किमतीचा नाहीतर वापरून दुरुस्त केलेला असतो. बेण्यासाठी उचल देणारा व्यापारी पुढे पीक आपल्याच अडतीवर येईल हे धरून चालतो, तशीच ही चाल आहे. त्यात गैर काही नाही, पण त्याला दानधर्म समजू नये.

कपात कोणाच्या बिलातून?

फुकट म्हणजे कोणीतरी पैसे भरलेलेच असतात. अमेरिकेत १९९६ च्या कायद्यातून 'सार्वत्रिक सेवा निधी' उभा राहिला. टेलिफोन कंपन्यांनी राज्याबाहेरच्या व परदेशी सेवेच्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा या निधीत भरायचा, असा नियम आहे. कंपन्या तो गिऱ्हाइकाच्या बिलात वेगळी ओळ घालून वसूल करतात. म्हणजे सरळ कपात! या निधीतून लाइफलाइनबरोबरच दुर्गम भागातल्या टेलिफोन सेवा, शाळा, ग्रंथालये आणि खेड्यातले दवाखाने यांनाही मदत होते. तिथल्या खेड्यांत शेतकऱ्यांच्या मालकीच्या टेलिफोन सहकारी संस्था आहेत. १९४९ साली कायदा दुरुस्त करून त्यांना सरकारी कर्जाची सोय झाली. मोठ्या कंपनीला खेड्यात तार ओढणे परवडेना, तेव्हा शेतकऱ्यांनी आपापसात भांडवल गोळा करून तारा ओढल्या. त्याही आधी काही शेतकऱ्यांनी कुंपणाच्या काटेरी तारेवरून फोन चालवले होते. आपल्या कारखान्याच्या शेअरची पहिली पावती ज्यांच्या वाडवडिलांनी जपून ठेवली, त्यांना हे सांगण्याची गरज नाही.

पण कपातीलाही मर्यादा असते. लोक साधे टेलिफोन कॉल कमी करत गेले तसे कपातीला पात्र उत्पन्न आटले आणि दर चढत गेला. २०२५ साली तो ३६ टक्क्यांवर जाऊन पोचला. ही कपात कायदेशीर आहे की नाही यावर भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती कायम ठेवली.

गळती आणि बंदोबस्त

योजना आली म्हणजे तिच्यामागे मधले लोक येतात. रस्त्याच्या कडेला तंबू ठोकायचा, टेबल मांडायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची नावे लावायची. नावामागे कमिशन. मग एकाच माणसाला दोन-दोन फोन, अपात्र माणसाला फोन, असे सुरू झाले. २०१२ साली दुबार नावे शोधण्यासाठी देशभराची एकच नोंदवही करण्याचे ठरले. तरी २०१७ साली तिथल्या सरकारी लेखातपासणी खात्याने ३५ लाख लाभार्थ्यांची नोंद ताडून पाहिली, तेव्हा सुमारे १२ लाखांची पात्रता जुळवता आली नाही. त्यानंतर पात्रता ठरवण्याचे काम कंपन्यांकडून काढून घेऊन मध्यवर्ती तपासणीकडे दिले गेले. २०१९ साली एजंटांना नावामागे कमिशन देण्यास बंदी झाली. २०२० साली एका मोठ्या कंपनीने न वापरल्या जाणाऱ्या लाखो फोनांवर सवलत उचलल्याचे निघाले आणि तिला २० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवावे लागले.

यातले मर्म आपण ध्यानात घ्यावे. जो माल देतो त्यानेच वजन करायचे आणि त्यानेच पावती फाडायची, अशी सोय ठेवली की काटा मारला जातोच. काटा तिसऱ्याच्या हाती हवा.

टॅबची योजना का आटोपली

टॅबलेटची गोष्ट वेगळी आहे. करोनाच्या काळात शाळा आणि दवाखाने इंटरनेटवर गेले. तेव्हा अमेरिकेने २०२१ साली आणीबाणीची इंटरनेट सवलत दिली. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने तिची जागा दुसऱ्या, मोठ्या योजनेने घेतली. तिच्यासाठी १,४२० कोटी डॉलर मंजूर झाले. पात्र कुटुंबाला इंटरनेटसाठी महिना ३० डॉलरपर्यंत सूट, आणि एकदाच लॅपटॉप किंवा टॅबसाठी १०० डॉलरपर्यंत सूट. टॅब मात्र सर्वस्वी फुकट नव्हता. घेणाऱ्याने दहा डॉलरहून अधिक आणि पन्नासहून कमी रक्कम स्वतः भरायची होती. माणसाने वस्तूत आपले चार पैसे घातले की तो ती जपतो, हा त्यामागचा विचार असावा असे आम्हाला वाटते.

या योजनेत तब्बल २ कोटी ३० लाख कुटुंबे आली. पण तिला कपातीचा झरा नव्हता, होती ती एकदाच भरलेली विहीर. पाणी उपसत गेले, विहीर आटली. ७ फेब्रुवारी २०२४ नंतर नवे अर्ज घेणे बंद झाले आणि १ जून २०२४ ला योजना संपली. टॅब घरात राहिला, पण त्यातले इंटरनेट परवडेना, अशी अनेक घरांची स्थिती झाली. उलट महिना सव्वानऊ डॉलरची साधी लाइफलाइन चाळीस वर्षे टिकली. एकरकमी अनुदान डोळ्यांत भरते, तर नियमित, थोडी आणि सर्वांकडून होणारी कपात संस्था जगवते. बिनपरतीची ठेव कापली म्हणून सर्वसाधारण सभेत आवाज चढवणाऱ्या आणि तरीही ती कापू देणाऱ्या सभासदांना हे तत्त्व आम्ही नव्याने काय सांगावे!

मग आपल्याकडे काय?

आपल्या देशातही असा निधी २००२ पासून आहे. कंपन्यांच्या उत्पन्नातला ५ टक्के हिस्सा त्यात जातो. नव्या दूरसंचार कायद्याने त्याला 'डिजिटल भारत निधी' हे नाव मिळाले. पण तो मनोरे उभारण्यासाठी, गावोगाव केबल नेण्यासाठी आहे. त्यातून कोणाच्या हातात फुकट फोन ठेवला जात नाही. राज्यांनी आपापल्या परीने वाटप केले. राजस्थानात ऑगस्ट २०२३ मध्ये महिलांना स्मार्टफोन देणे सुरू झाले, ऑक्टोबरमध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि वाटप थांबले. महाराष्ट्रात 'महाज्योती' ही शासकीय संस्था इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्गातील, जेईई, नीट, सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब व इंटरनेट देत आली आहे. आपल्या सभासदांची पुष्कळ मुले या प्रवर्गांत आहेत. दहावीचा निकाल लागला की संस्थेची जाहिरात कधी निघते यावर लक्ष ठेवावे. उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले आधीच काढून ठेवावेत. तारीख गेल्यावर तहसील कचेरीत हेलपाटे घालून उपयोग नाही.

आणि जे नाही त्याबद्दलही बोलले पाहिजे. अमेरिकेची योजना तिथे राहणाऱ्या पात्र कुटुंबांसाठी आहे. इथे बसून तिचा अर्ज भरता येत नाही. "मोफत मोबाईल योजना, लगेच नाव नोंदवा" अशा निरोपाखालची निळी ओळ दाबू नये. खरी योजना असेल तर तिचा शासन निर्णय निघतो आणि ग्रामपंचायत, तहसील किंवा शाळा यांच्याकडे तिची माहिती मिळते. योजनेच्या नावाखाली कोणी 'नोंदणी फी' किंवा 'पार्सल खर्च' मागू लागला की तिथेच थांबावे. आधार क्रमांक, पासबुकाचा फोटो आणि ओटीपी या तीन वस्तू म्हणजे आपल्या तिजोरीच्या किल्ल्या होत. ओटीपी तर कारखान्याचा माणूस म्हणून कोणी मागितला तरी देऊ नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा. जितका उशीर, तितका पैसा लांब. आपल्या नावावर भलतीच सिमकार्डे निघाली आहेत का, हे सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर पाहता येते. घरातल्या शिकलेल्या मुलामुलीला बसवून एकदा बघून घ्या.

गरिबाच्या हाती फोन असावा, हे आम्हाला मनापासून मान्य आहे. ऊसतोड कामगाराच्या मुलीला अभ्यासाला टॅब मिळाला तर त्याहून चांगली गोष्ट नाही. पण कोणी 'फुकट' म्हटले की आपण तीन प्रश्न विचारावेत : पैसा कोण भरतो? काटा कोणाच्या हाती आहे? आणि पुढच्या महिन्याच्या रिचार्जचे काय? हे प्रश्न आपण कारखान्याच्या ताळेबंदाला दरवर्षी विचारतो. ते मोबाईलवरच्या निरोपालाही विचारायला काय हरकत आहे?