तीन तुताऱ्यांची ओळख

नदीकाठच्या चिखलात शेपूट खालीवर करीत चरणारा, बुलबुलाएवढा तपकिरी पक्षी पुष्कळांनी पाहिला असेल. ‘तुतारी’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. परंतु आपल्याकडे हिवाळ्यात सारख्या दिसणाऱ्या तीन तुताऱ्या येतात, आणि एकीचे नाव दुसरीला देण्याची चूक आम्हीही पुष्कळदा केली आहे.

ओळख केवळ रंगावरून करू गेल्यास फसगत होते. तिरपे ऊन आणि झिजलेली पिसे रंग पालटून टाकतात. म्हणून ठरावीक खुणा पाहाव्या. सामान्य तुतारीच्या पोटाचा पांढरा रंग पंखापुढून खांद्याकडे वर शिरतो. ठिपकेवाली तुतारी सडपातळ, पिवळसर पायांची. पाठीवर ठळक ठिपके आणि डोळ्यामागेही गेलेली लांब पांढरी भुवई. हिरवी तुतारी नावापुरतीच हिरवी. तिची पाठ काळपट आणि भुवई डोळ्यापाशीच संपते.

तरी शंका उरली, तर पक्षी आपण होऊन उडेपर्यंत थांबावे. सामान्य तुतारी पाण्यालगत, ताठ पंख थरथरवीत जाते. पंखावर पांढरी पट्टी दिसते. उरलेल्या दोघींना ती पट्टी नसते, मात्र कंबर पांढरी असते. त्या दोघींचा निवाडा पंखाच्या खालच्या बाजूने होतो: हिरवीची जवळजवळ काळी, ठिपकेवालीची फिकट.

छायाचित्रकाराने हेच ध्यानात ठेवावे. एकदा आम्ही अर्धा तास पालथे पडून एका तुतारीचे रेखीव चित्र घेतले; पण पाय चिखलात, पाठ गवताआड. नाव ठरेना. ती उडताना टिपलेले एक अस्पष्ट चित्र आम्ही टाकूनच देणार होतो. त्यातच काळा पंख सापडला! सूर्य पाठीशी असावा, उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा, आणि पहिल्या सुबक चित्रावर समाधान मानू नये. मात्र चित्रासाठी पक्ष्याला उठवू नये. लांबच्या प्रवासाची शिदोरी तो त्या चिखलातच गोळा करीत असतो.

एवढा खटाटोप कशासाठी? १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते. आपण दिलेले चुकीचे नाव तेथे गेले, की एक जाती कागदावर वाढते आणि दुसरी कागदावरच घटते. अशा वेळी ‘तुतारी, जाती निश्चित नाही’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. खोट्या खात्रीपेक्षा ती नोंद अधिक मोलाची आहे.